नोंद आणि निगा

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक शब्द आहे. रोजच्या मराठींत तो उदरनिर्वाह एवढ्याच अर्थानें येतो. परंतु त्याची फोड करून पाहिली असतां त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी सांपडतात. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हें क्षेम. शास्त्रकारांनीं हे दोन शब्द एकत्र बांधून ठेवले, कारण एकावांचून दुसरें लंगडें आहे. व्यवहारांत पाहावें तों मात्र लोकांचें सारें प्रेम योगावर. नवी इमारत उभी राहिली म्हणजे कोनशिला बसते, मंडप पडतो, पाहुणे येतात, पेढे वांटले जातात. तीच इमारत पंचवीस वर्षांनीं गळूं लागली आणि कोणी वेळींच गच्ची उकलून नीट करून घेतली, तर त्या गृहस्थास हार घालावयास कोणी जात नाहीं. योगास समारंभ आहे, क्षेमास नाहीं. आणि ज्यास समारंभ नाहीं तें काम मागें पडतें, हा मनुष्यस्वभाव आहे.

या क्षेमाचें आतां एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. इंग्रजींत त्यास ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात. आपण त्यास मालमत्तेची निगा म्हणूं. सन २००४ मध्यें ब्रिटनमध्यें त्याविषयीं एक लेखी नियमावली निघाली, सन २०१४ मध्यें आय. एस्. ओ. या आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थेनें ५५००० क्रमांकाची प्रमाणावली प्रसिद्ध केली, आणि सन २०२४ मध्यें तिची सुधारलेली आवृत्ति आली. तिची भाषा जड आहे, परंतु सार कोणाही सुज्ञ गृहस्थास किंवा गृहिणीस कळण्याजोगें आहे. आपल्या मालकीचें काय काय आहे? त्याकडून आपणांस कोणतें काम हवें आहे? आज त्याची स्थिति कशी आहे? तें निकामी झालें तर हानि कोणाची? त्याची निगा कोणीं राखावयाची व पैसा कोठून आणावयाचा? आणि ही जी व्यवस्था आपण लावून दिली, ती तरी बरोबर चालली आहे काय? या शेवटल्या प्रश्नास पुनर्विलोकन म्हणतात. पहिले प्रश्न पुष्कळ संस्था विचारतात. शेवटला फार थोड्या. या महिन्यांत त्याविषयींच वाचकांशीं चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

शाळेंत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस 'जडसंग्रह वही' चांगली ठाऊक असते. शाळेच्या मालकीची प्रत्येक टिकाऊ वस्तु, मग ती बाक असो, फळा असो, घंटा असो कीं प्रयोगशाळेंतील तराजू असो, हिच्यांत एका ओळीवर मांडलेली असते: खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, किंमत, नग. वर्षाकाठीं एकदां पडताळणी होते. एक शिक्षक वही वाचतो, शिपाई वस्तूकडे बोट दाखवितो, आणि 'आहे' असा शेरा पडतो. आम्हीं उभ्या नोकरींत अशा पुष्कळ पडताळण्या पाहिल्या. पृथ्वीचा गोल आंसावरून निखळून कपाटाच्या माथ्यावर पडलेला असला तरी वहीच्या लेखीं तो 'आहे'. नकाशाची घडी जेथें पडते तेथें बरोबर नर्मदा झिजून गेली असली तरी नकाशा, नग एक, 'आहे'. वस्तु चोरीस गेली कीं नाहीं, एवढाच या वहीचा प्रश्न. ती कामाची राहिली कीं नाहीं हें ती विचारीतच नाहीं. वहींतील एकही अक्षर खोटें नसतें, आणि तरीही ती वाचणाऱ्यास खरी स्थिति कळत नाहीं. शाळेंत या उणेपणाचा दंड मुलांच्या भूगोलावर बसतो. जेथें वस्तु म्हणजे नदीवरील पूल असतो, तेथें तो दंड फार जबर असतो. म्हणून पुढील उदाहरणें आम्ही पुलांचीं घेत आहों. त्यांतलीं पहिलीं अमेरिकेंतलीं आहेत, कारण तेथें प्रत्येक अपघातानंतर नियम कसा बदलला याचा इतिहास क्रमवार सांपडतो.

ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट या गांवापाशीं सन १९२८ मध्यें एक झुलता पूल बांधला गेला. त्यास रुपेरी रंग दिलेला असल्यामुळें लोक त्यास सिल्व्हर ब्रिज म्हणत. अशा पुलास साधारणपणें तारांचे जाड दोर असतात. यास त्यांऐवजीं टोकांस भोकें असलेल्या पोलादी पट्ट्यांची सांखळी होती, आणि सांखळीच्या एकेका कडींत अशा दोनच पट्ट्या होत्या. सन १९६७ च्या डिसेंबरची १५ तारीख. नाताळच्या खरेदीचे दिवस, सायंकाळीं पांचचा सुमार, पुलावर गाड्यांची रांग लागलेली. एका पट्टीच्या भोंकापाशीं इंचाच्या दहाव्या हिश्श्याएवढी खोल चीर होती. ती पट्टी तुटली, जोडीच्या पट्टीस एकटीला भार पेलवेना, आणि पाहतां पाहतां सारा पूल नदींत गेला. ४६ माणसें मेलीं. चौकशींत असें निघालें कीं ती चीर सांध्याच्या आंत होती व सांधा उकलल्यावांचून ती कोणास दिसलीही नसती. शिवाय पूल बांधला तेव्हांच्या मोटारी हलक्या होत्या. चाळीस वर्षांत मोटारी व मालगाड्या पुष्कळ जड झाल्या होत्या. पुलाकडून अपेक्षिलेलें काम वाढत गेलें, पूल मात्र तोच राहिला.

या अपघातानंतर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. एवढ्या संपन्न देशांत पूल एकंदर किती व ते कोणत्या स्थितींत आहेत, याची सबंध देशाची अशी यादीच नव्हती. सन १९६८ मध्यें कायदा झाला व सन १९७१ मध्यें त्याखालीं नियम झाले: प्रत्येक पुलाची नोंद व्हावी, दोन वर्षांच्या आंत त्याची तपासणी व्हावी, तपासणारा अमुक पात्रतेचा असावा, अहवाल ठराविक नमुन्याचा असावा. वाचकांस वाटेल कीं झालें, व्यवस्था लागली. परंतु खरी कथा येथूनच सुरू होते.

सन १९८३ च्या जून महिन्याच्या २८ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, कनेक्टिकट राज्यांत मायेनस नदीवरील हमरस्त्याच्या पुलाचा शंभर फूट लांबीचा तुकडा खालीं पडला व तीन माणसें मेलीं. हा पूल यादींत होता, त्याची तपासणीही नियमाप्रमाणें झालेली होती. परंतु दहाएक वर्षांपूर्वीं रस्त्याची डागडुजी करतांना पाणी वाहून जाण्याचीं भोकें डांबराखालीं बुजून गेलीं होतीं. पाणी सांध्यांत मुरूं लागलें, गंज चढला, आणि त्या गंजानें पुलाचा तुकडा तोलून धरणारी पट्टी आपल्या खिळीवरून हळूहळू बाहेर लोटली. राज्यांत पुलांची संख्या तीन हजार चारशेंहून अधिक, आणि ते तपासणारे अभियंते अवघे बारा, तेही जोडीजोडीनें जाणारे. अशा तपासणींत सांध्याजवळ जाऊन हात लावून कोण पाहणार? तारीख पाळली गेली, पाहणें झालें नाहीं. त्यानंतर नियम असा झाला कीं ज्या एका अंगावर सारा पूल अवलंबून असतो त्या अंगाची तपासणी हाताच्या अंतरावरून झाली पाहिजे.

चारच वर्षांनीं, सन १९८७ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस, न्यूयॉर्क राज्यांत स्कोहॅरी ओढ्यावरचा पूल पुराच्या वेळीं पडला व दहा माणसें गेलीं. पुलाचा वरचा भाग तपासला जात असे. पण खांबाच्या पायाखालची माती पाणी उपसून नेत होतें, आणि पाण्याखालीं उतरून कोणी पाहिलें नव्हतें. पुढील वर्षीं नियमांत भर पडली: पाण्याखालील पायाची तपासणी पांच वर्षांच्या आंत झालीच पाहिजे.

यानंतर सन २००७ मध्यें, ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, मिनियापोलिस शहरांत मिसिसिपी नदीवरील मोठा पूल सायंकाळच्या गर्दींत कोसळला व तेरा माणसें मेलीं. हा पूल ज्या वर्षीं खुला झाला त्याच वर्षीं सिल्व्हर ब्रिज पडला होता. याची तपासणी दरवर्षीं होत असे. 'सदोष' असा शेरा अनेक वर्षें त्याच्या नांवापुढें होता. परंतु तपासणारे गंज व चिरा शोधीत होते, आणि दोष निराळ्याच ठिकाणीं होता. तुळयांचे सांधे जोडणारे पोलादी पत्रे मुळांतच हव्या त्या जाडीच्या निम्मे होते; तो आराखड्यांतलाच दोष. पुढें पुलावर फरसबंदीचा थर वाढला, आणि त्या दिवशीं तर दुरुस्तीचा शेंकडों टनांचा माल त्याच भागावर रचून ठेवलेला होता. सर्वांत चटका लावणारी गोष्ट पुढेंच आहे. सन २००३ मध्यें काढलेल्या छायाचित्रांत ते पत्रे वांकलेले स्पष्ट दिसत होते. छायाचित्रें दप्तरांत होतीं. त्यांस 'हें वांकलें कां?' असा प्रश्न मात्र कोणीं विचारला नाहीं, कारण नमुन्याच्या कागदावर त्या प्रश्नाचा रकाना नव्हता.

या चार कथा एकापुढें एक ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. नोंदवहीचे रकाने आपोआप वाढले नाहींत. तारखेचा रकाना सेहेचाळीस माणसांच्या मरणानें आला, जवळून पाहण्याचा तिघांच्या, पाण्याखालीं पाहण्याचा दहांच्या. कचेरींत बसून ज्यास हे रकाने भरण्याचा कंटाळा येतो, त्यानें एवढें स्मरावें. आणि दुसरीही गोष्ट तितकीच स्मरणीय आहे: प्रत्येक अपघातानंतर त्या लोकांनीं केवळ अपराधी शोधला असें नाहीं, तर आपल्या वहींत आदल्या दिवशीं या पुलाविषयीं काय लिहिलें होतें तें पाहिलें, आणि वहीच सुधारली. पुनर्विलोकन म्हणजे हेंच. खेद एवढाच कीं तें प्रत्येक वेळीं अपघातानंतर झालें.

आतां आपल्या घरच्या अंगणांत येऊं. सिल्व्हर ब्रिज ज्या सन १९२८ मध्यें बांधला गेला, त्याच वर्षीं आपल्या कोंकणांत महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. अठ्ठ्यायशीं वर्षें त्यानें मुंबई-गोवा रस्त्याची रहदारी पेलली. सन २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेस, भर पावसाळ्याच्या रात्रीं, तो पुरांत वाहून गेला. आणि काळोखांत पूल आहे असें समजून आलेल्या दोन एस्. टी. गाड्या व इतर वाहनें नदींत पडलीं. सुमारें चाळीस माणसें बुडालीं. पावसाळ्यापूर्वीं त्याच मे महिन्यांत पुलाची पाहणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें. पाहणी झाली होती हें खरें धरलें तरी एक प्रश्न उरतोच. कोरड्या नदींतल्या पुलास जो प्रश्न विचारावयाचा तो आणि पुरांतल्या पुलास विचारावयाचा तो, हे दोन्ही प्रश्न एकच नव्हेत. त्या जागीं नवा पूल पुढील वर्षाच्या जूनमध्यें, १६५ दिवसांत, उभा राहिला. योगाच्या कामांत आपण कोणास हार जाणारे नाहीं, हें यावरून दिसतें.

त्याच सन २०१६ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें देशांतील पुलांची एकत्र नोंद करण्याची व्यवस्था सुरू केली. प्रत्येक पुलास स्वतःचा क्रमांक, उपग्रहाच्या साहाय्यानें ठरविलेलें ठिकाण, व स्थितीविषयीं शून्यापासून नऊपर्यंत गुण, अशी तिची रचना आहे. हें पाऊल फार मोलाचें होय. परंतु गुण देणारा मनुष्य काय पाहून गुण देतो यावर त्या गुणांचें मोल अवलंबून असतें, आणि परीक्षक म्हणून ज्यांनीं आयुष्य काढलें त्यांस हें निराळें सांगावयास नको. सन २०१९ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसलगतच्या पादचारी पुलाचा भाग संध्याकाळच्या वेळीं कोसळला व सात माणसें मेलीं. त्यापूर्वींच्या तपासणींत या पुलास 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' एवढाच शेरा मिळाला होता. आमच्या वाचक भगिनींस याचें मर्म चटकन् उमगेल. पितळेचें पातेलें चिंचेनें बाहेरून कितीही लखलखीत घांसलें, तरी जाणती गृहिणी तें उजेडाकडे धरून आंत पाहते. कल्हई उडालेली दिसली कीं ताक त्यांत पडूं देत नाहीं. पाहण्याची जागा कोणती, हें कळणें म्हणजेच तपासणी.

तिसरा प्रकार याहून दुःखद आहे. सन २०२५ च्या जून महिन्याच्या १५ तारखेस, रविवारीं, मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भारानें कोसळला व चार माणसें मेलीं. येथें तपासणी चुकली असें म्हणतां येत नाहीं. पूल धोकादायक आहे हें ठाऊक होतें, तशी पाटी होती, नव्या पुलास मंजुरीही मिळालेली होती. नाडी बरोबर पाहिली, रोग बरोबर ओळखला, औषधाची चिठ्ठीही लिहिली. फक्त औषध आणलें गेलें नाहीं, तोंवर रोगी गेला. पाटी लावली म्हणजे जबाबदारी पाटीवर गेली, अशी एक समजूत आपल्या सार्वजनिक व्यवहारांत रुजलेली आहे. पाटी कोणाचा हात धरून त्यास मागें ओढीत नाहीं.

तेव्हां संस्थेच्या मालमत्तेस तीन रोग जडतात. पहिला, वहीच नसणें. दुसरा, वही असून तिचा प्रश्न अपुरा असणें किंवा लांबून विचारला जाणें. तिसरा, उत्तर बरोबर येऊनही त्यावर हात न हालणें. पहिला रोग शाई व कागद घेतला कीं बरा होतो. आतां तर संगणकावर बोट फिरविलें कीं बरा होतो. म्हणूनच पुष्कळ संस्था तेवढ्यावर संतुष्ट होतात. नवी यंत्रणा घेतली, प्रत्येक खुर्चीस चिकटपट्टी लावली, यादी झाली, छायाचित्र निघालें. परंतु हा पुन्हां योगच झाला; वस्तूंबरोबर आणखी एक वस्तु घेतली गेली. दुसरा व तिसरा रोग यंत्रानें बरे होत नाहींत. त्यांस विचारणारा मनुष्य लागतो व ऐकणारी समिति लागते.

आमचे पुष्कळ वाचक शाळांच्या, ग्रंथालयांच्या, वसतिगृहांच्या किंवा गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत. त्यांनीं आपली जडसंग्रह वही उघडावी व तींत चार रकाने वाढवावे. वस्तूकडून अपेक्षित असलेलें काम पूर्वींचेंच आहे कीं बदललें? तिची स्थिति कोणीं, कोणत्या दिवशीं, किती जवळून पाहिली? ती मोडली तर इजा कोणास होईल? पुढें काय करावयाचें, कोणीं, कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या पैशानें? तिसऱ्या रकान्यास विशेष जपावें, कारण सर्व वस्तूंस सारखी काळजी देऊं गेलें तर कोणासच पुरत नाहीं. केंद्र सरकारच्या सन २०१७ च्या वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयीं एक शहाणपणाचें कलम आहे. वर्षांत वापरलेल्या हजार पुस्तकांमागें पांच गहाळ झालीं, व त्यांत लबाडी किंवा हयगय नसली, तर ती तूट वाजवी समजावी. परंतु दुर्मिळ ग्रंथ गेला तर त्याची किंमत कितीही असो, चौकशी झालीच पाहिजे. क्षम्य हानि कोणती व अक्षम्य कोणती, हें आधीं ठरवून ठेवलें म्हणजे मोडका बाक व तडकलेला सज्जा एकाच यादींत, एकाच ओळींत, सारख्याच शांतपणें पडून राहत नाहींत.

पैशाची गोष्टही आधींच बोललेली बरी. महाराष्ट्रांतील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-निधीसाठीं सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का व निक्षेप-निधीसाठीं, म्हणजे ज्यास व्यवहारांत सिंकिंग फंड म्हणतात त्यासाठीं, किमान पाव टक्का वर्गणी सांगितली आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचना-तपासणी पांच वर्षांतून एकदां व तीस वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदां व्हावी, असेंही त्यांत आहे. वार्षिक सभेंत ही वर्गणी कमी करावी असा ठराव कोणी मांडला कीं टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणारे बहुधा विसरतात कीं जी रक्कम आपण आज वांचविली ती आपल्या नातवांच्या नांवें उधार काढली आहे. आणि सज्जा पडतो तो वर्गणी कोणीं कमी केली हें पाहून पडत नाहीं.

आतां राहिलें पुनर्विलोकन. हें कोणीं करावें? ज्यानें वही लिहिली त्यानेंच ती तपासली तर तो आपल्या हस्ताक्षरावर प्रसन्न होतो. कौटिल्यानें हें फार पूर्वीं ओळखलें होतें. त्याच्या अर्थशास्त्रांत वर्षाचे हिशेब आषाढांत मुद्रा लावून आणावे, आणि तपासणी होईपर्यंत हिशेबनिसांस एकमेकांशीं बोलूं देऊं नये, असा दंडक आहे. आपणांस इतकें कठोर होण्याचें कारण नाहीं. दोन शेजारच्या संस्थांनीं एकमेकींच्या वह्या वर्षांतून एकदां पाहाव्या, एवढ्यानेंही पुष्कळ काम होईल. कारण परक्या डोळ्यास आपलें सवयीचें भगदाड दिसतें. त्या दिवशीं तीनच गोष्टी विचाराव्या. गेल्या वर्षीं 'करावयाचें' म्हणून जें लिहिलें त्यांतलें किती झालें? या वर्षांत जें अचानक मोडलें त्याविषयीं वहींत आदल्या दिवशीं काय लिहिलेलें होतें? आणि त्यावरून आतां कोणता रकाना वाढवावयास हवा? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत कडू व सर्वांत गुणकारी आहे. वहींत 'ठीक' असें लिहिलेलें असून वस्तु मोडली, तर वस्तूपेक्षां वहीच आधीं दुरुस्त करावी.

मोठ्या एकत्र कुटुंबांत हे सारें लेखी नियमांवांचून चालत आलें आहे, याचें श्रेय घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांस दिलें पाहिजे. कोणत्या हंड्याचा कान सैल आहे, माळ्याच्या शिडीची कितवी पायरी पाय देण्याजोगी नाहीं, न्हाणीघराची मोरी कोणत्या महिन्यांत तुंबते, हें सर्व त्यांच्या स्मरणांत असतें, आणि मूल शिडीकडे धांवलें कीं हांकही त्यांचीच पडते. उणीव एवढीच कीं ही वही त्यांच्या मस्तकांत असते व त्यांच्याबरोबरच जाते. पुढच्या पिढीस वाडा मिळतो, त्याच्या वाशांची माहिती मिळत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं या आषाढांत, पाऊस बाहेर पाडूं देत नाहीं अशा एखाद्या दुपारीं, घरांतल्या एका मुलीनें किंवा मुलानें कोरी वही घेऊन आजींपाशीं बसावें. त्यांनीं सांगावें, मुलांनीं लिहावें: काय सैल आहे, काय कुजत आहे, काय आधीं पाहावयाचें. मग ती वही कपाटांत न ठेवतां जेथें सर्वांचा हात पोंचतो अशा खुंटीस टांगावी, आणि शिडीची ती पायरी त्याच आठवड्यांत सुतारास बोलावून बदलून घ्यावी.